यावेळी प्रामुख्याने उपस्थित

तालुक्याच्या पानावरची बातमी लोक उलटी वाचतात, हे मला धनराजभाऊ लोनबले यांनी शिकवलं. वर मथळा असतो, मग पाहुण्यांचं भाषण असतं आणि सगळ्यात खाली एक ओळ असते: ‘यावेळी अमुक, तमुक प्रामुख्याने उपस्थित होते.’ आमच्याकडचा माणूस पेपर हातात घेतला की आधी त्या ओळीवर जातो. तिथे आपलं नाव सापडलं तर मग वर चढत चढत मथळ्यापर्यंत पोचतो. नाही सापडलं तर त्याच पेपरावर भजी खातो. धनराजभाऊंचा सगळा धंदा त्या एका ओळीवर उभा होता.

मी जोया. सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर आमचं दुकान आहे. माझे अब्बा तालुक्यात जलालुद्दीन पेंटर म्हणून माहीत होते. खतांच्या, बियाण्यांच्या, कुटुंब नियोजनाच्या जाहिराती भिंतींवर रंगवण्यात त्यांची उमर गेली. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. मी कॉम्प्युटर शिकले आणि दुकानावर टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन अशी नवी पाटी लागली. ती पाटी मात्र अब्बांनी हातानेच रंगवली, फ्लेक्सला हात लावू दिला नाही.

धनराजभाऊ या दुकानात यायला लागले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यांना टायपिंग कधी आलं नाही आणि शिकायचंही नव्हतं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे, लाल कापडी पाठीची वही मांडीवर उघडायचे आणि बातमी तोंडानेच सांगायचे. त्यांची गाडी म्हणजे एक जुनी एम-एटी, तिला आरसा एकच. अर्ध्या बाहीचा सफारी, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन कशासाठी हे मी एकदा विचारलं होतं. ज्यांचं नाव चुकून राहून गेलं त्यांच्यासाठी, असं म्हणाले. पुढच्या कार्यक्रमात ते नाव आधी.

तरुणपणी ते एका धान गिरणीत हजेरी घेणारे मुकादम होते. रोज सकाळी दीडशे हमालांची नावं बापाच्या नावासकट पुकारायची. गिरणी बंद पडली, पण नावं डोक्यातून गेली नाहीत. अख्ख्या तालुक्यात कोण कोणाचा, कोणत्या टोल्यातला म्हणजे वस्तीतला, सासरा कुठला, हे सगळं त्यांच्याजवळ होतं. सुरुवातीला महिला बचत गट, पतसंस्था, भजनी मंडळ अशांच्या बातम्या ते लिहून द्यायचे. पुढे ‘सोनझरी राइस’ नावाची उकड्या तांदळाची मोठी गिरणी तालुक्यात आली, तेव्हा गावोगाव ओळख असलेला माणूस कंपनीला हवा होता. त्यांनी धनराजभाऊंना ठेवून घेतलं आणि त्यांच्यासाठी कार्डं छापली. छापली म्हणजे मीच छापली. ‘धनराज लोनबले, जनसंपर्क अधिकारी’. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं आणि ‘अधिकारी’ शब्द जरा बारीक करता येतो का म्हणून विचारलं.

जनसंपर्क कशाला म्हणतात हे कुठल्या पुस्तकात असेल ते असो, मी पाहिला तो असा होता. कार्यक्रमाच्या तासभर आधी धनराजभाऊ मंडपाच्या तोंडाशी वही घेऊन उभे राहायचे. येणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण नाव विचारायचे. माहीत असलं तरी विचारायचे, कारण विचारलेलं माणसाला आवडतं. पाहुण्यांची नावं त्यांना कधी महत्त्वाची वाटली नाहीत; ती कुठेही येणारच असतात. त्यांचा जीव समोर सतरंजीवर बसणाऱ्यांत. आणि जो बसतही नाही, नुसता राबतो, त्याच्यासाठी शेवटची ओळ राखून ठेवलेली असायची: ‘कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी अमुक यांनी अथक परिश्रम घेतले.’ त्या ओळीत त्यांनी मंडपवाले घातले, आचारी घातले, एकदा तर माइक बिघडल्यावर तो ठोकून चालू करणारी अंगणवाडीची बाई घातली.

भुरसाटोला म्हणून तालुक्यात एक गाव आहे. तिथल्या रक्तदान शिबिराला पोचू नावाच्या ट्रॅक्टरवाल्याने पाण्याची टाकी आणून दिली होती. पेपरात त्याचं नाव आलं. दुसऱ्याच दिवशी तो कात्रण घेऊन माझ्या दुकानात लॅमिनेशनला हजर. तेव्हापासून सोनझरीचा कोणताही ट्रक त्या रस्त्यावर चिखलात फसला की पोचू न बोलावता ट्रॅक्टर घेऊन यायचा. कंपनीला वाटायचं, आपल्या मोठ्या नावामुळे हे होतं. मोठी नावं ट्रक ओढत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने नागपूरहून प्रणित नावाचा एक तरुण मॅनेजर पाठवला. मुलगा वाईट नव्हता. लॅपटॉप होता, इंग्रजी होतं, आणि सगळं लवकर व्हावं अशी घाई होती. बातमीच्या शेवटच्या नावांनी जागा फुकट जाते, ती कोणी वाचत नाही, असं त्याचं मत. धनराजभाऊ म्हणाले, सर, बाकीचं कोणी वाचत नाही. त्यावर तो हसला, आणि नावं राहिली.

आता यातली खोट सांगते. ती एकट्या धनराजभाऊंची नव्हती. तालुक्यात बातम्या देणारे सगळेच तसं करतात आणि टाइप करणारे आम्हीही डोळे मिटून करतो. कार्यक्रम बाराचा असतो, पाहुणे तीनला येतात, आणि तालुक्याचं पान चारला बंद होतं. मग बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. दिवा उद्या लागायचा असतो, माझ्या स्क्रीनवर तो आजच लागलेला असतो. पाहुण्यांनी काय मार्गदर्शन केलं तेही ठरलेलं असतं, कारण ते दर वेळी तेच करतात. आणि नावं? कोण येणार हे धनराजभाऊंना माहीतच असायचं. एखादा आला नाही तरी त्याचं नाव छापून यायचं. त्याबद्दल कोणी कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट घरी झोपून नाव आलं म्हणून माणूस दुप्पट खूश व्हायचा. आमच्याकडे नाव छापणं हा मान आहे, आणि मान दिला म्हणून कोण भांडायला येतो?

मागच्या वर्षी जुलैत ते झालं. भुरसाटोल्याला जुना मालगुजारी तलाव आहे, मालगुजारांच्या काळी बांधलेला. त्याच्या वरच्या अंगाला आठ एकर झुडपी जमीन आहे, गावाची गुरं तिथेच चरतात. सोनझरीला ती जमीन गिरणीची राख टाकायला हवी होती. धानाचं तूस जाळून उरलेली काळी राख, वाऱ्यावर उडणारी. ती तिथे टाकली तर पहिल्या पावसात तलावात उतरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. जमीन मिळवायची तर गावाशी बोललो असं दाखवावं लागतं. म्हणून कंपनीने गावात ‘ग्रामस्थ संवाद मेळावा’ ठेवला. मंडप, शंभर खुर्च्या, जेवण.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी पोचू माझ्याकडे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आला होता. बोलता बोलता म्हणाला की उद्या गावात कोणी नाही, पुरा गाव रोवण्यावर जाणार आहे. रोवणा म्हणजे धानाची लावणी. जुलैत तर सगळेच जातात. मी हो म्हटलं आणि सुटे परत दिले. दुपारी धनराजभाऊ आले. दुसऱ्या दिवशी त्यांना वरोऱ्याला नात्यातल्या एका तेरवीला जायचं होतं, म्हणून घाईत होते. त्यांनी बातमी सांगितली, मी टाइप केली. भुरसाटोल्याची अकरा नावं त्यांनी वही न उघडता सांगितली: लटारू निकुरे, गुणाबाई, पोचू आणि बाकीचे. मधेच प्रणितचा फोन आला, त्याने एक वाक्य घालायला सांगितलं: ‘ग्रामस्थांनी हात उंचावून सहमती दर्शवली.’ असली वाक्यं आमच्या टायपिंगमध्ये रोजच असतात. हात उंचावून, टाळ्यांच्या गजरात, एकमताने. बोटं आपोआप चालतात. पोचू सकाळी काय बोलला ते मला टाइप करताना आठवलंही होतं. तरी मी काही बोलले नाही. याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी मंडपात गावातलं कोणीही गेलं नाही. पाहुण्यांनी दिवा लावला, मंचाचा फोटो निघाला, शंभर खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पेपरात मात्र मेळावा उत्साहात पार पडला, आणि खाली अकरा नावं.

पुढे जमिनीबद्दल सरकारी कचेरीने हरकती मागवल्या. भुरसाटोल्याने हरकत दिली. तेव्हा त्यांना फाइल दाखवण्यात आली. त्यात कंपनीने ते कात्रण लावलं होतं. तुमच्याच नावांनिशी छापून आलंय, तुम्ही होतात, हात वर केलात, मग आता हरकत कशी? दहा दिवसांनी सुनावणी होती.

त्यानंतर दोन दिवसांनी लटारूभाऊ निकुरे माझ्या दुकानात आले. सत्तरीचे आहेत. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा. त्यांची सहा कात्रणं मी लॅमिनेट करून दिलेली आहेत. सगळ्यात जुनं वीस वर्षांपूर्वीचं, पशुवैद्यकीय शिबिराचं. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर ती ओळीने लावली आहेत. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कात्रण काढून काउंटरवर ठेवलं. मी सवयीने लॅमिनेशनचं मशीन चालू केलं. ते म्हणाले, याची फक्त झेरॉक्स पाहिजे, दोन.

धनराजभाऊ स्टुलावर बसलेलेच होते. लटारूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“धनराज, तू लिवलं का मी तिथी होतो. मंग सांग, मी कुठी बसलो होतो?”

धनराजभाऊंनी चार वाजता बंद होणाऱ्या पानाचं सांगितलं. वरोऱ्याच्या तेरवीचं सांगितलं. नाव टाकलं ते मानानेच टाकलं, राग मनात नव्हता, असंही म्हणाले. लटारूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. शंभर खुर्च्या होत्या म्हणतात, त्यातली माझी कोणती, एवढंच त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले:

“आमी काऊन आलो नाई, थे तुले मालूम हाये का? आमाले बोलायचं होतं, म्हणूनच आलो नाई.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. मेळाव्याच्या चार दिवस आधी गाव मारोतीच्या पारावर बसलं होतं. कंपनीवाले बोलावतात, खुर्ची देतात, जेवू घालतात, फोटो काढतात; तिथे जाऊन नाही म्हटलं तरी कागदावर हो होतं. तर कोणीही जायचं नाही, सगळ्यांनी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायचं. ज्याची बांधी रोवून झाली होती तोही दुसऱ्याच्या बांधीत उतरला. ट्रॅक्टर उभा करून पोचू चिखलात. मंडप रिकामा दिसला पाहिजे, हेच गावाचं उत्तर होतं. आणि त्या रिकाम्या खुर्च्यांवर धनराजभाऊंनी आदल्या दिवशीच माणसं बसवून ठेवली होती.

झेरॉक्स घेऊन लटारूभाऊ गेले. धनराजभाऊ बराच वेळ वहीची पानं उलटत बसले. त्या दिवशी त्यांना तीन बातम्या द्यायच्या होत्या, त्या त्यांनी दिल्या नाहीत.

प्रणितला त्यांनी सांगितलं की बातमी चुकली, खुलासा द्यावा लागेल. प्रणितला चूक दिसली नाही. बातमी कंपनीने छापली नाही, पेपराने छापली, आणि खुलासा देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. त्याने दुसरा मार्ग सुचवला. लटारूभाऊंचा सत्कार करू. ज्येष्ठ प्रगतिशील शेतकरी म्हणून शाल, श्रीफळ, मोठा फोटो. धनराजभाऊंनी ते ऐकलं आणि, खरं सांगायचं तर, क्षणभर त्यांना ते पटलंही. आयुष्यभर त्यांनी रुसलेली माणसं अशीच मनवली होती. लाल पेनाचा उपयोग तोच होता.

दुसऱ्या दिवशी ते भुरसाटोल्याला निघाले. मी दुकान अब्बांवर सोपवून माझ्या स्कूटीने मागे गेले. टायपिंग माझं होतं, घरी बसवेना. लटारूभाऊंच्या ओसरीत चार-सहा माणसं होती. भिंतीवर सहा कात्रणं तशीच होती. धनराजभाऊंनी सत्काराचं काढलंच नाही. बहुधा ती भिंत पाहून जीभ वळली नसावी. चूक माझी आहे, मी लिहून देतो, तुमच्यापैकी कोण कोण रोवण्यावर होतं तेवढं सांगा, असं म्हणून त्यांनी सवयीने मांडीवर वही उघडली आणि निळं पेन काढलं.

गुणाबाई आतून पाण्याचे दोन गिलास घेऊन आल्या. त्या गावच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांचं नाव धनराजभाऊंच्या बातम्यांत निदान चाळीस वेळा आलं असेल. त्यांनी गिलास आमच्या हातात दिले.

“पाणी घ्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण आमची नावं आता लिवू नोका.”

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कोणी शिवी दिली असती तर धनराजभाऊ हसून बसले असते, अशा कामात शिव्या येतातच. पण ज्या माणसाला तीस वर्षं लोकांनी थांबवून थांबवून आपली नावं सांगितली, त्याला एक गाव म्हणालं, लिहू नका. ते पाणी प्यायले, मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही बंद केली. परत येताना त्यांची एम-एटी इतकी हळू चालली होती की मला स्कूटी दोनदा थांबवावी लागली.

सुनावणीला तीन दिवस उरले तेव्हा ते दुकानात आले आणि म्हणाले, जाहिरात टाइप करायची आहे. ‘जाहीर खुलासा’. बातमी म्हणून कोणी छापणार नाही, म्हणून पैसे भरून चौकटीत द्यायचा. मी विचारलं, कोणाची नावं टाकायची? गावाने तर लिहू नका म्हटलं आहे. त्यांना न विचारता ‘आले होते’ असं टाकलं ते चुकलं, आणि आता न विचारता ‘आले नव्हते’ असं टाकलं तर तेही चुकेलच. हे मी बोलून गेले. धनराजभाऊ म्हणाले, एकच नाव टाकायचं आहे, ते मला विचारून टाकता येतं.

“लिही,” ते म्हणाले. “भुरसाटोला येथे झालेल्या मेळाव्यास धनराज गोविंदा लोनबले उपस्थित नव्हते. सदर बातमी त्यांनी मेळाव्याच्या आदल्या दिवशी लिहून दिली. त्यातील व्यक्तींची उपस्थिती व सहमती त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली नाही.”

बस, तेवढंच. मी टाइप केलं आणि प्रिंट काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत, इतक्या हजार बातम्यांत, त्यांचं स्वतःचं नाव मी एकदाही टाइप केलं नव्हतं. कार्ड सोडून. बातमी लिहिणाऱ्याचं नाव बातमीत येत नसतं, असं तेच सांगायचे. पहिल्यांदा आलं ते ‘उपस्थित नव्हते’ या शब्दांपुढे. मला वाटलं होतं की खाली ‘टंकलेखन’ म्हणून माझंही नाव टाकावं. टाकलं नाही. सोनझरीच्या फ्लेक्सच्या मजकुराचं काम माझ्याकडे होतं आणि माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. ती त्यांच्यात होती, एवढं लिहून ठेवते.

खुलासा छापून आला त्याच दिवशी दुपारी प्रणितचा फोन आला. तो काय बोलला ते धनराजभाऊंनी मला सांगितलं नाही. खिशातून उरलेल्या कार्डांचा गठ्ठा काढून त्यांनी पाहिला आणि परत खिशात ठेवला. संध्याकाळी कंपनीचा माणूस येऊन ऑफिसची चावी घेऊन गेला.

सुनावणीत भुरसाटोल्याच्या लोकांनी ती चौकट पुढे ठेवली. बातमी लिहिणाराच म्हणतो मी तिथे नव्हतो, तर त्या बातमीला पुरावा कसं म्हणायचं? सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि कात्रण बाजूला काढलं. गावाचं म्हणणं ग्रामसभेतच, हजेरी घेऊन घ्यावं, असा आदेश निघाला. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा जवळच आली होती. जमीन वाचली असं तेव्हा कोणी म्हटलं नाही, वाचलेलीही नव्हती. फक्त गावाला आपलं म्हणणं पुन्हा एकदा सांगायला मिळालं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर भुरसाटोल्याच्या शाळेपुढे सभा भरली. रोवणे आटोपले होते, सगळा गाव मोकळा होता. ठरावाचं टायपिंग करायला मला बोलावलं होतं. लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन मी व्हरांड्यात बसले. धनराजभाऊ आले होते, पण आत नाही. फाटकाबाहेरच्या चिंचेखाली एम-एटी लावून तिच्यावरच टेकून उभे राहिले. कंपनीचे नव्हते, पेपरचे नव्हते, गावचेही नव्हते. लाल वही सोबत नव्हती. मी विचारलं होतं. घरी ठेवली, असं म्हणाले.

सभा दीड तास चालली. राखेला जमीन द्यायची नाही, असा ठराव झाला. हात खरोखरच उंचावले गेले, ग्रामसेवकाने दोनदा मोजले. मी ठराव टाइप केला, सह्या आणि अंगठे झाले. लोक उठले आणि फाटकाकडे निघाले.

गुणाबाई पुढे होत्या. चिंचेखाली पोचल्यावर त्या थांबल्या. धनराजभाऊ सरकून रस्ता द्यायला लागले, तर त्या तिथेच उभ्या. म्हणाल्या, लिहा ना भाऊ, उद्याच्या पेपरले नाव नाही द्यायचं का? धनराजभाऊंनी खिसे चाचपले. पेन होतं, कागद नव्हता. खिशात कार्डांचा तोच गठ्ठा होता. त्यांनी एक कार्ड काढलं, ‘जनसंपर्क अधिकारी’ची बाजू खाली केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. मी लॅपटॉप मिटून फाटकाशी आले. गुणाबाईंच्या मागे पोचू उभा राहिला, पोचूच्या मागे आणखी माणसं. बघता बघता फाटकापर्यंत रांग लागली. प्रत्येक जण पूर्ण नाव सांगत होता, बापाच्या नावासकट, आणि ती सगळी धनराजभाऊंना आधीपासून पाठ होती, तरी ते प्रत्येकाला विचारत होते.

शेवटी लटारूभाऊ आले. धनराजभाऊंनी मान खाली घालूनच त्यांचं नाव लिहिलं आणि पेनाला टोपण लावायला लागले. लटारूभाऊ हलले नाहीत.

“आन् मी कुठी बसलो होतो, थेबी लिव,” ते म्हणाले. “पयल्या रांगीत. तलावाकडं तोंड करून.”